बिनतिकिटाचे अकरा जण

आमच्या सांगलीच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या मागं निम्मी गल्ली चालत आली आणि उरलेली निम्मी गच्चीवरून बघत होती, असं मी सांगते. खरं तर चार बायका आणि एक पोस्टमन होता. पण मी पडले एसटीच्या कंडक्टरची पोर. आमच्या आप्पांनी आयुष्यभर सातारा-सांगली गाडीवर घंटी मारली, आणि गाडीत पन्नास माणसं असली की घरी येऊन ते दीडशे सांगायचे. तेव्हा माझ्या सांगण्यातलं थोडं वजा करून वाचत चला. भीती मात्र वजा करू नका. ती होती तेवढीच सांगतेय, उलट थोडी कमीच.

मशीन बसवलं मिरजेच्या एका फौजीनं. सैन्यात सिग्नलमध्ये वीसेक वर्षं काढून आलेला गडी, मिशा अशा की एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हर अडकवून ठेवावा. आमचे हे कॉलेजात शिकवायचे, त्यांना प्रश्नपत्रिका करायला मशीन हवं होतं. पण मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. ते कळल्यावर फौजीनं मशीनमध्ये मराठी बसवून दिली, टायपरायटरवर बोटं पडायची तशीच पडतील अशी.

"डरनेका न्हाई, बाईसाहेब," तो म्हणाला. "बोटं तीच, फक्त खडखडाट कमी." आणि जाताना माझ्या हातात दोन फ्लॉप्या ठेवल्या. "ह्या जान से ज्यादा सांभाळायच्या. तुमची मराठी सगळी ह्यात हाय."

मी त्या घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवल्या. शेजारच्या काकूंनी मात्र त्या दिवसापासून आपल्या पोराला आमच्याकडं पाठवणं बंद केलं. कॉम्प्युटरला व्हायरस होतो असं पेपरात आलं होतं, आणि त्यांच्या पोराला आधीच सर्दी. आम्ही हसलो होतो त्यांना. पुढं माझं हसणं कुठल्या कुठं गेलं ते सांगतेच.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आप्पांचा आवाज बसला. ते तेव्हा रिटायर होऊन साताऱ्यात राहत होते. जन्मभर 'कराड, कराड, कराड' ओरडलेला गळा, बसणारच, असं सगळ्यांना वाटलं. महिना झाला तरी उठेना, तेव्हा सांगलीला आमच्याकडं आणलं आणि मिरजेला दाखवलं. डॉक्टर चांगले होते, लपवाछपवी न करणारे. म्हणाले, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार ठरला.

सिटी बसमधून परत येताना आप्पा माझीच समजूत घालत होते. "जीव ऱ्हातोय न्हवं? आवाजाचं काय घिऊन बसलीस. लय वापरलाय म्या त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मशीनपाशी येऊन उभे राहिले. "काय गं, ह्या तुझ्या डब्यात किती मावतं?"

"काय मावतं?"

"बोलनं."

आधी टेपरेकॉर्डर करून पाहिला होता. टेप लावली की आप्पा सत्काराला उत्तर द्यायला उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. आणि आवाज इतका खोल गेलेला की टेपेवर निम्मा वेळ पंखाच ऐकू यायचा. शेवटी म्हणाले, "मी मशीनशी बोलत न्हाई, मानसाशी बोलतो. तू बस म्होरं."

मग मी बसले. सकाळची वीज असेल तेवढा वेळ मी खुर्चीवर आणि माझ्या मागं स्टुलावर आप्पा. त्यांच्या बोलण्यातला एक शब्दही वाया जाऊ नये म्हणून आम्ही खूण ठरवली, म्हणजे ठरवायची गरजच नव्हती, हात आपोआप गेला त्यांचा. गाडीतली घंटीची दोरी असते ना, ती हवेतच ओढायची. एकदा ओढली की थांब, चुकलीस. दोनदा ओढली की चल पुढं.

काय काय सांगितलं त्यांनी! कराडच्या पुलावर पूर आलेला असताना चाकं न भिजवता काढलेली गाडी. आष्ट्याची ती बाई, जिनं तीन वर्षं एकच तिकीट दाखवलं. आणि त्यांची सगळ्यात आवडती, शिराळ्याच्या नागाची. शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे. तिच्या आदल्या दिवशी इस्लामपूरला एक माणूस फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं घेऊन चढला. आप्पांनी विचारलं, काय आहे? म्हणे, दही. गाडी हलली, आणि दही फुसफुसलं. झालं, पन्नास माणसं (आप्पांच्या हिशोबानं दीडशे) एकदम बाकांवर चढली. उतरवा त्याला, फेका त्याला बाहेर! एक पैलवान मडक्याला हात घालायला निघाला. आप्पांनी त्याची कॉलर धरली. "हात लावलास आन् मडकं फुटलं तर त्यो आत हाय आन् तूबी आत हायस." मग मडकेवाल्याजवळ बसून त्यांनी शांतपणे चौकशी केली: कुठं चढलास, कुठं उतरणार, मडक्याची गाठ कशी आहे. आणि शिराळ्याच्या फाट्याला, पेठ नाक्यावर, नीट उतरवून दिला.

"ह्यातनं काय शिकायचं, त्ये लिव," आप्पा म्हणाले. "बिनतिकिटाचा दिसला म्हनून लगीच ढकलायचा न्हाई. आदी इचारायचं: कुटं चढला, कशापायी चढला. मग एकेकाला उतरवायचं, आन् उतरवल्यावर गाडीत काय बदाललं त्ये बगायचं."

हे मी स्वतःच्या दहा बोटांनी टाइप केलं. शपथेवर सांगते, एकही चूक नव्हती त्या पानात. आणि दोन आठवड्यांत विसरले.

दुसरा आठवडा सुरू झाला तेव्हाची गोष्ट. आप्पांना खोकल्याची उबळ आली म्हणून मी हात मांडीवर घेऊन बसले होते. मशीनला कोणी बोट लावलेलं नाही. आणि पेटीवरचा बारका लाल दिवा लुकलुकायला लागला. आतून आवाज यायला लागला, करकर, करकर. मध्येच थांबे, जणू आतल्यानंही कान टवकारलेत, आणि पुन्हा करकर.

आप्पांचा खोकला थांबला. "आत कोन हाय गं?"

"कोणी नाही आप्पा."

"मग दात कोन खातंय?"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते मंगळवारपर्यंत बसले नाहीत.

त्यानंतर रोजचंच झालं. दिवा लागला की मशीन जड व्हायचं. मी 'उंब्रज' लिहून कराडच्या स्टँडवर पोचले तरी पडद्यावर नुसता 'उं'. पडद्यावर 'थांबा' सांगणारं वाळूचं बारकं घड्याळ उलटं-सुलटं व्हायचं. मी फाइल उघडून पानं मोजायचे, सत्तर, पंच्याऐंशी, शंभर. त्या दिवसांत सकाळी उठल्यावर आधी आप्पांचा श्वास ऐकायचे आणि मग ती पानं मोजायचे. आप्पा दिवसेंदिवस बारीक बोलायला लागले होते, दुपारनंतर तर नुसती हवा. जे राहणार होतं ते सगळं त्या करकरणाऱ्या पेटीत होतं, आणि पेटीत माझ्याशिवाय आणखी कोणीतरी होतं.

यांना सांगितलं. आमचे हे स्वभावानं थंड. घराला आग लागली तरी आधी चष्मा शोधतील. म्हणाले, "असेल काहीतरी."

"म्हणजे काय असेल?"

तेव्हा त्यांनी दाखवलं. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट, तीन बटणं एकदम दाबायची. पडद्याच्या मध्यभागी एक चौकट आली आणि तीत नावांची यादी. "आत्ता या क्षणी मशीनमध्ये जे जे चालू आहे ते हे," हे म्हणाले.

मी मोजली. बारा. त्यातलं एक माझं, आप्पांची पानं ज्यात लिहीत होते ते. आणि बाकीची अकरा? कसली नावं ती! स्वर गिळून टाकलेली, नुसत्या व्यंजनांची इंग्रजी नावं, अक्षरं कोंबून बसवलेली, कुणाच्या शेवटी आकडा. मी आयुष्यात कुणाला अशा नावानं हाक मारलेली नाही.

"ह्यांना कोणी चालू केलं?"

"आपोआप होतात."

"आपोआप?"

"मशीन लावलं की आपोआप चालू होतात. मागं बसून काहीतरी करत असतात. आपल्याला दिसत नाहीत." आणि चहा प्यायला गेले.

मला सांगा, रिकाम्या घरात आपोआप दार उघडलं तर कोणी चहा प्यायला जातं का? मी वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं उतरवून घेतली. रोज सकाळी यादी काढून वहीशी ताडून बघायला लागले. तीच असायची. मग एका सकाळी दहाच दिसली. अकरावा गेला कुठं? मी स्वयंपाकघरात जाऊन मागचं दार लावून घेतलं. उगीच काहीच्या काही वाटेल, पण लावलं.

रविवारी आप्पांना मिरजेला दाखल केलं. ऑपरेशन मंगळवारी सकाळी नऊला. पानं झाली होती एकशे चाळीस. ह्या आकड्यातून काही वजा करू नका. मी ठरवलं होतं, सोमवारी सगळं फ्लॉपीवर घ्यायचं, दुकानातून छापून आणायचं आणि आवाज जायच्या आधी आप्पांच्या हातात ठेवायचं. म्हणजे 'हे असं नव्हतं' असं त्यांना तोंडानं म्हणता येईल.

सोमवारी सकाळी हे डबा घेऊन मिरजेला गेले. मी मशीन लावलं, नवी फ्लॉपी घातली आणि नक्कल करायला सांगितलं. लाल दिवा. करकर. वाळूचं घड्याळ. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घड्याळ जागेवर थिजलं. आत कोणीतरी बसून एकेक पान खातंय, आधी पूल खाल्ला, आता आष्ट्याची बाई खातंय, आता नागाकडं वळलंय, असं मला साफ दिसायला लागलं. तळहाताला असा घाम सुटला की माऊस निसटत होता.

तीन बटणं दाबली. यादी आली. पहिल्या नावावर गेले आणि 'बंद करा'चं बटण दाबलं. काहीच झालं नाही. नाव गेलं, मशीन जागेवर. तसा मला जोर चढला. दुसरं दाबलं. पडद्याखालची पट्टी आणि सगळी चित्रं एकदम नाहीशी झाली! मी किंचाळले. पट्टी लगेच परत आली. तिसरं, चौथं. आता मी तो नागावर धावून गेलेला पैलवान झाले होते, मागं कॉलर धरायला कोणी नव्हतं.

सातवं नाव होतं चार व्यंजनांचं. खाली कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक बारकी चौकोनी खूण असायची, तिच्यावर बोट नेलं की हेच नाव दिसायचं. म्हणजे हा तर उघड उघड घड्याळापाशी बसून नजर ठेवत होता. बंद केला. मशीन बंद करून पुन्हा लावलं, आता मोकळं झालं असेल म्हणून.

तर खूण पुन्हा तिथंच!

कराडला उतरवलेला माणूस इस्लामपूरला मागच्या बाकावर बसलेला दिसावा, तसं झालं. मशीन लावलं की आपोआप चढतो. मग मी ते केलं जे करायला नको होतं. शोधायच्या चौकटीत ते नाव घातलं, डिस्कवर कुठं राहतो ते काढलं आणि घरासकट पुसलं. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पुन्हा लावलं. खूण गेली. जिंकले! मी खुर्चीतच टाळी वाजवली. आणि आप्पांची फाइल उघडली.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. पानभर नुसती रोमन चिन्हं. डोक्यावर दोन टिंबं असलेले ओ, मोडक्या तंगडीचे वाय, उलटी प्रश्नचिन्हं, मधूनच एखादा आकडा. दुसरं पान तसंच. साठावं तसंच. एकशे चाळिसावं तसंच. चिखलात पाय भरलेल्या शंभर कोंबड्या नाचून गेल्यासारखं. हे आप्पांचं सगळं बोलणं होतं.

मी रडले नाही. रडायला थोडा वेळ लागतो, इतका वेळ माझ्यापाशी नव्हता. फौजीला फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "भाच्याच्या लग्नाला शिराळ्याकडं गेलेत जी. तिथं फोन न्हाई. बुधवारी येतील." बुधवारी! मंगळवारी नऊनंतरचा बुधवार माझ्या काय कामाचा?

तशीच निघून मी चारच्या भेटीच्या वेळेला मिरजेत पोचले. वाटेत एकच विचार: सांगायचं की नाही. सांगितलं तर उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाला धक्का. नाही सांगितलं तर त्यांचा आवाज नऊला जाणार, आणि पानं परत आलीच नाहीत तर जगात कुठंच काही उरणार नाही. वॉर्डाच्या दारात फिनाईलचा वास आला, तरी माझं ठरलं नव्हतं.

आप्पा खिडकीशी बसले होते. हे मोसंबी सोलत होते. मी म्हणाले, "आप्पा, पानं गेली."

"समदी?"

"समदी."

आप्पा खिडकीकडं वळले. खाली रिक्षा चालल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिले. हे मोसंबीची एक फोड हातात धरून तसेच थांबले, आणि माझ्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती, पहिल्यांदा ते 'असेल काहीतरी' म्हणाले नाहीत.

मग आप्पांचा आवाज आला, नुसती हवा. "पुसली का बिगडली?"

"म्हणजे?"

"गाडी गेली, का गाडी जागंवर हाय आन् चालंना?"

मी विचार केला. "पानं तेवढीच आहेत. एकशे चाळीस. पण अक्षरं नाहीत, नुसता चिखल."

"कुनाला उतरवलंस?"

मी मान खाली घातली. वही पुढं केली. "सहा-सात जणांना. शेवटच्याला तर घरासकट."

"तिकीट इचारलंस?"

"नाही."

"नागाचं पान कुनी टाइप केलं हुतं?"

"मीच." माझे कान गरम झाले.

"बरं. त्यो शेवटचा. कवा चढला हुता?"

मी आठवायला लागले. ती चौकोनी खूण. मशीन आलं त्या दुपारी नव्हती. संध्याकाळी फौजीनं फ्लॉप्या घातल्या, त्यानंतर दिसायला लागली. "मराठी बसवली त्या दिवशी," मी म्हणाले.

"आन् उतारल्यावर काय थांबलं?"

"मराठी."

आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा सात वर्षांची झाले. आणि मग ते हसायला लागले. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलत होते, त्यातच खोकला आला, नर्स धावत आली, पाणी दिलं. ती गेल्यावर माझा हात ओढून म्हणाले, "अगं येडे, तू डायवरला उतरवलंस की!"

हे हळूच म्हणाले, "बरोबर आहे. अक्षरं पुरवायचं काम तोच करत असणार. फौजीच्या फ्लॉप्या कुठं आहेत?"

"सुरक्षित जागी."

"जा मग," आप्पा म्हणाले. मी उठले, तर पुन्हा हात धरला. आता हसत नव्हते. "न्हाई आला डायवर, तर सकाळी लौकर ये. वही आन. नऊपतूर तासभर हाय माज्याकडं. समदं न्हाई व्हायचं. नागाची तेवडी परत सांगीन." आणि हवेत दोनदा दोरी ओढली.

तो तासभर. परतीच्या बसमध्ये तेच दोन शब्द माझ्या डोक्यात खड्ड्यागणिक उडत होते.

आता ती सुरक्षित जागा सांगते. देवघर. दुसरी कुठली असणार? खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, यांचं पेन, माझं शिवणाचं मशीन. फौजीनं जीव लावून सांभाळा म्हणून सांगितलेल्या त्या फ्लॉप्याही त्या वर्षी मी पाटावर मांडल्या होत्या. एक झेंडू, अक्षता आणि भरपूर हळद-कुंकू. सांगलीत हळदीला काय तोटा! आम्ही हळद लावतो तेव्हा चिमटीनं लावत नाही.

पूजा झाल्यावर त्या तशाच, अंगावरच्या हळदीसकट, देवांच्या मागं ठेवलेल्या.

पहिली घातली. मशीननं ती गुपचूप वाचली. मला वाटलं, सुटले. दुसरी घातली. ठक्, ठक्, ठर्र. 'वाचता येत नाही.' पुन्हा घातली. ठर्र. 'वाचता येत नाही.' फ्लॉपीचं ते पत्र्याचं सरकतं झाकण बाजूला केलं, तर आतल्या काळ्या तबकडीवर पिवळं ऊन पडल्यासारखी हळद. मी देवाला घाबरून जी पूजा केली, तिनंच माझ्या बापाचा आवाज अडवून धरला होता. देवघराकडं बघायचं धाडस होईना.

बोट लावायची भीती. फुंकरीची भीती, फुंकरीत थुंकी असते. यांचा दाढीचा नवा ब्रश होता, पाणी न लागलेला. त्याच्या केसांनी मी ती तबकडी झाडायला लागले. तबकडी थोडी फिरवायची, झाडायची, पुन्हा थोडी फिरवायची. बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी. मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. घातली. ठर्र. काढली, झाडली. घातली. ठर्र. मी सतरा वेळा म्हणते; हे परत आले होते, ते म्हणतात पाच वेळा. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि वीज जायची वेळ पंधरा मिनिटांवर आली होती.

मग एकदा ठर्र झालं नाही. फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला, लागूनच राहिला. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकायला लागली. अर्ध्यावर थांबली. मी श्वास सोडला नाही. हेही उभेच होते, चष्मा हातात. पट्टी हलली. पोचली. मशीन बंद करून लावलं.

खाली, घड्याळाशेजारी, ती चौकोनी खूण येऊन बसली. सकाळपर्यंत जिला बघून माझं पाणी पाणी व्हायचं, तिला मी नमस्कार केला. फाइल उघडली. 'कराडच्या पुलावर पानी चढलं तवा मी गाडीत हुतो.' पहिली ओळ. मग मी रडले.

तेवढ्यात वीज गेली, पण आता जाऊ दे म्हटलं.

मंगळवारी सातला मिरजेत होते. वही नेली नव्हती. रिकाम्या हाताकडं बघूनच आप्पांना कळलं.

"आला?"

"आला. जागेवर बसलाय."

"मग ह्यो तासभर रिकामाच की," ते म्हणाले. आणि त्या तासाभरात त्यांनी काही थोर वगैरे सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आवं, कुटलं म्हनायचं तुमी?" तो म्हणाला, आष्टा. झालं! आप्पा उठून बसले आणि त्याला सगळे थांबे म्हणून दाखवायला लागले, जसे गाडीत म्हणायचे तसे ओढून, फक्त आवाजाऐवजी वारा. सातारा. नागठाणे. उंब्रज. कराड. ट्रॉलीवाला आला. आप्पांनी त्याच्याकडं न बघता दोरी एकदा ओढली. तो बिचारा थांबला, का थांबला ते त्यालाही कळलं नसेल. कासेगाव. पेठ नाका. इस्लामपूर. आष्टा. सांगली. मग दोनदा ओढली आणि स्वतःच ट्रॉलीवर चढले.

बुधवारी फौजी आला. वही बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग एकेकाची ओळख करून दिली. हा पडद्याची पट्टी सांभाळतो, हा आवाजाचा, हा घड्याळ आणि खुणा दाखवतो. आणि दात खाणारा? तो निघाला एक आगाऊ तपासनीस. दर थोड्या वेळानं उठायचा आणि डिस्कवरच्या एकूणएक फाइली चाळून त्यांची यादी करायचा, का तर पुढं कधी आपण काही शोधलं तर लवकर सापडावं. चोर नव्हता. पण चालत्या गाडीत मध्येच शिरून प्रत्येकाचं तिकीट मागणारा, गाडी पेंगणारच. काम संपलं की निघून जायचा, म्हणून एके दिवशी मला दहाच दिसले होते. त्याला तेवढं सुरुवातीच्या यादीतून रीतसर काढलं. तेव्हापासून वहीत प्रत्येक नावापुढं मी लिहून ठेवते: कधी चढला, कशासाठी, आणि उतरला तर काय थांबतं. जिथं माहीत नाही तिथं 'माहीत नाही' लिहिते आणि त्याला बसू देते.

मला अजून भीती वाटते. दिवा आपोआप लागला की मागच्या दाराकडं नजर जातेच. फक्त आता आधी वही काढते.

आप्पा बरे होऊन आले तेव्हा गळ्यापाशी पांढरं फडकं आणि हातात पोरांची पाटी होती. छापलेली पानं मी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. वाच.

मी स्टुलावर बसले, ते खुर्चीवर. वाचायला लागले. चुकलं की हात वर, दोरी एकदा. मी थांबायचे, ते पाटीवर लिहायचे, मी दुरुस्त करायचे. शिराळ्याच्या नागाशी आले. गाडीत पन्नास माणसं होती, असं मी त्यात गपचूप घालून ठेवलं होतं, कारण आपण छापतोय तर खरं छापावं.

दोरी एकदा.

आप्पांनी पाटी घेतली. पन्नास लिहिलं, खोडलं, दीडशे लिहिलं. मी बघत राहिले, तसं त्यांनी तेही खोडलं आणि लिहिलं दोनशे.

मी वाचलं, "गाडीत दोनशे माणसं होती."

दोनदा.